बाडो म्हणणारी आक्का

"बाडो," ती म्हणायची, आणि उजव्या हाताचं एक बोट वर करून जरासं हलवायची. थांब की दोन मिनिटं, एवढाच त्या बोटाचा अर्थ.

तिच्या भाषेत बाडो म्हणजे 'अजून नाही'. चहा झाला? बाडो. मशीन पसंत पडली? बाडो. देवीचं दर्शन झालं? बाडो. आपल्या गावाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत 'न्हाय' म्हणून मोकळं व्हायचं. मीही त्यातलाच. पण ही बाई महिनाभर माझ्या शेडमध्ये बसली आणि तिच्या तोंडून नुसतं 'नाही' मी एकदाही ऐकलं नाही.

तिचं नाव लिहीत नाही. मला ते कधी धड म्हणता आलं नाही, आणि चुकीचं लिहून ठेवायला मन घेत नाही. शेडमधली सगळी तिला आक्का म्हणायची, तर आपणही तेच म्हणू.

माझं वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात. काजूचं बी फोडायच्या मशीन बनवतो. वडलांनी सुरू केलेला धंदा. गिऱ्हाईक सगळं आजऱ्याकडचं. तर एका श्रावणात रिक्षातून एक उंच काळीसावळी बाई उतरली. खांद्याला पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेलं काजूचं बी. टांझानियाच्या दक्षिणेकडची. तरुणपणी तिकडच्या बंदरावर एका गुजराती शेटच्या दुकानात कामाला होती, म्हणून हिंदी येत होतं. त्या हिंदीत आप-बीप काही नव्हतं, लहानथोर सगळे तू. तिचं बोलणं मी इथं मराठीत सांगतो.

"माझ्याकडे तीस बायका आहेत," ती म्हणाली. "लाकडाच्या दांडक्यानं बी फोडतात. गर तुटतो. तुटका गर कोण घेत नाही. मग बी तसंच पोत्यात भरून बोटीनं तुमच्याकडे जातं. आणि आमच्या गावच्या हॉटेलात काजूची बशी येते ना, त्या पाकिटावर तुमच्या देशाचं नाव असतं. बी मात्र आमचंच."

आमचा शौकतमिस्त्री, वडलांच्या वेळेपासूनचा माणूस, लेथवरनं मान वर करून म्हणाला, "म्हंजे लेक माहेराला पावणी म्हणून आली म्हणा की."

मी ते तिला हिंदीत सांगितलं. ती एवढी हसली, की शेजारच्या फौंड्रीतली दोन माणसं बघायला आली.

तिला अख्खा गर काढणारी मशीन हवी होती. दसऱ्याच्या सुमाराला त्यांचा हंगाम सुरू होतो, त्याआधी घरी पोचायचं होतं. तीस बायकांना तसा शब्द देऊन आली होती. आधी गावच्या हॉटेलात आपला काजू ठेवायचा, मग बाहेरच्या देशात. ती 'मग बाहेर' असं म्हणायची ते रंकाळ्यावर फिरून येऊ म्हटल्यासारखं.

पहिल्याच दिवशी तिला तयार मशीनवर बसवलं. पायानं दाबायचं, हातानं खेचायचं, पातं बी उकलतं. तिनं पाय टाकला आणि दोन्ही गुडघे वरच्या पट्टीला आदळले.

"कुठल्या बाईच्या मापाची केलीस ही?"

खरं तर हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. वडलांनी मशीनची उंची माझ्या आईला स्टुलावर बसवून ठरवली होती. शेडच्या भिंतीवर आईच्या गुडघ्याची रेघ तांबड्या रंगानं ओढलेली होती, ती अजून आहे. मी ती दाखवली.

"आई कुठं आहे?"

"नाही आता."

तिनं वाकून त्या रेघेवर तळहात ठेवला. मग मिस्त्रीला म्हणाली, "आता माझी रेघ ओढ." मिस्त्रीनं खडूनं ओढली, आईच्या रेघेपेक्षा चांगली चार बोटं वर.

पहिल्या दिवसापासून ती मला काका म्हणायला लागली. मला जरा रागच आला. वयानं माझ्याएवढी, आणि मी काका? चार दिवसांनी कळलं, त्यांच्यात काका म्हणजे भाऊ. बहिणीला म्हणतात दादा. आणि मामा म्हणजे आई! मिस्त्री कपाळावर हात मारून म्हणाला, "अहो, हितं नात्यांचा पार इस्कोट झालाय की!" तवापासून तिचा कुठलाही ओळखीचा वाटणारा शब्द मी दोनदा विचारून घ्यायचा असं ठरवलं. नंतर विसरलो, ते पुढं येईलच.

दुपारी ती आमच्यासोबत कोपऱ्यावरच्या खानावळीत यायची. पहिल्या दिवशी वाढप्यानं विचारलं, "झालं का?" आक्का म्हणाली, "बाडो." त्यानं ऐकलं 'वाढा', आणि वाटीत रस्सा ओतला. परत विचारलं, "झालं?" "बाडो." परत रस्सा. चौथ्या वाटीला तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण वाटी पुढं सरकवायची काही थांबेना. तिला वाटलं, इथं पाहुण्यानं थांबायचं नसतं. मी अर्थ सांगितला तेव्हा ती टेबलावर डोकं टेकून हसली, आणि त्यानंतर रोज मुद्दाम बाडो म्हणून एक वाटी जास्त घ्यायला लागली.

तिचं बी आमच्याकडच्यापेक्षा बारीक आणि टरफलाला चिवट. पहिल्या चाचणीत सगळ्या गराचे तुकडे झाले. फोडायच्या आधी बी वाफवावं लागतं, ते आम्ही मिस्त्रीच्या घरच्या कुकरमध्ये वाफवलं. टरफलाच्या तेलानं कुकर असा काळा पडला, की भाभींनी तो परत घरात घेतला नाही. अजून शेडमध्ये आहे, त्यात आम्ही बोल्ट ठेवतो.

पात्यातलं अंतर कसं धरायचं ते बघायला मी तिला आजऱ्याला एका कारखान्यात घेऊन गेलो. मालक माझं जुनं गिऱ्हाईक, आपण त्याला शेट म्हणू. आत बायका ओळीनं बसून बी फोडत होत्या. आक्का सरळ त्यांच्यात जाऊन बसली. भाषा नाही, काही नाही. तिनं आपले तळहात पुढं केले, टरफलाच्या तेलानं बोटांच्या टोकाला काळे डाग पडलेले. शेजारच्या वयस्क बाईनं आपले हात त्याशेजारी ठेवले. हुबेहूब तसलेच डाग. ती बाई हसून म्हणाली, "हिचं हात आमचंच हाईत की."

मग आक्काला कोपऱ्यातली पोती दिसली. उठून एका पोत्यावरची अक्षरं बोटानं वाचली. तिच्या शेजारच्या गावाचं नाव होतं.

"ही बाई कशाला आलीया?" त्या वयस्क बाईनं मला विचारलं. मी सांगितलं. तिचं हसू तसंच राहिलं, पण हात पदराखाली गेले. म्हणाली, "म्हंजे त्यास्नी तिकडंच फोडाय याय लागलं की आमच्याकडं बी कुठनं येणार वो?"

आक्का विचारत होती, ती काय म्हणाली. मी म्हणालो, हात बघून खूश झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेटचा फोन. "तू तिला मशीन द्यालायस व्हय? लेका, आमच्यात राहून आमच्याच पोटावर पाय? दे, खुशाल दे. पर मग माझ्याकडनं नव्या मशीनची वाट बघू नकोस."

तुमच्यापासून काय लपवायचं? मी घाबरलो. शेट म्हणजे माझा निम्मा धंदा. मिस्त्रीला सांगितलं, आक्काचं काम हळू घ्या. ती रोज दहाच्या ठोक्याला यायची, उपड्या डब्यावर बसायची आणि विचारायची, "काका, झालं?"

"बाडो, आक्का." फौंड्रीतनं कास्टिंग आलं नाही. लाईट नव्हती. पातं धारेला दिलंय. चार दिवस मी तिचाच शब्द तिला वापरून दाखवत होतो, वर तिच्यासारखं बोटही हलवत होतो.

पाचव्या दिवशी ती उठली, कोपऱ्यात गेली आणि एक गोणपाट उचललं. खाली तिच्या मशीनचं कास्टिंग, आठवड्यापूर्वी आलेलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गोणपाटाची घडी घालत म्हणाली, "काका, द्यायचं नसेल तर तुमचं ते 'न्हाय' म्हण. जोरात म्हण. मी ऐकून घेईन. पण बाडो माझा शब्द आहे. बाडो म्हणजे दार उघडं आहे. तू आतून कडी लावून बाडो म्हणतोस."

आणि निघून गेली. मी खाली मान घालून उभा. बावन्न वर्षांचा माणूस, इतकी लाज शाळेतही कधी वाटली नव्हती.

मिस्त्रीनं लेथ बंद केला. तो सहसा मला सुनावत नाही. म्हणाला, "मालक, आजऱ्याचं बी आधी कुठं जायचं? खाली किनाऱ्याकडं. तिथलं लोक फोडायचं आणि नफा तिथलंच खायाचं. तुमच्या वडलांनी मशीन केली तवा आजरा फोडाय लागलं. तवा ते खालचं लोक काय पेढे वाटत होतं व्हय?"

"आणि त्या बायकांचं काय, मिस्त्री? आजऱ्याच्या?"

"त्याचं उत्तर माझ्याकडं न्हाय. पर उत्तर न्हाय म्हणून खोटं बोलायचं असं कुठं हाय?"

मी आक्काच्या लॉजवर गेलो. दारातच कान धरले. मग विचारलं, "राग गेला?" तर बोट वर करून म्हणाली, "बाडो." पण चप्पल पायात घालत होती.

तीन दिवस आम्ही दुसरं काम हातात घेतलं नाही. खडूच्या रेघेनं उंची धरली, पात्यातलं अंतर कमी केलं. तिच्याकडचं बी चाचण्यांत संपत आलं होतं, शेवटचं मूठभर राहिलं. ती स्वतः बसली. गुडघे कुठं आदळले नाहीत. पहिलं बी उकललं, गर अख्खा. दुसरं, अख्खा. मिस्त्री मोठ्यानं अल्लाचं नाव घेत होता. शेवटचं बी झाल्यावर तिनं एक गर मिस्त्रीला दिला, एक मला, आणि एक आईच्या तांबड्या रेघेखाली भिंतीशी ठेवला. मला रडू आलं. आलं तर आलं.

गणपतीच्या आधी ती गेली. मशीनची पेटी मुंबईला बोटीवर चढली.

पुढं अधूनमधून मोबाईलवर बोलणं व्हायचं. हंगाम आला. "मशीन चालली?" बाडो, बायका शिकतायत. "हॉटेलवाल्यानं घेतला?" बाडो, तो म्हणतो बाहेरचं पाकीट चांगलं दिसतं. "बाहेर कुठं विकला?" बाडो, बाडो. असं वर्ष गेलं, दुसरंही गेलं. इकडं शेटनं बोलल्याप्रमाणे दुसरीकडनं मशीन घेतल्या. माझे दिवस जरा ओढाताणीचे गेले. मी तिला ते सांगितलं नाही.

मग एका दिवशी तिचा मेसेज आला. एकच शब्द, इंग्रजी अक्षरांत. तयारी.

मी वाचलं. म्हटलं, चला, तयारी चाललीय बाईची. उत्तर लिहिलं, "तयारी नीट कर. घाई नको." त्यावर काही आलं नाही. मीही कामात. नंतर विचारायला गेलो तर मेसेज पोचेना, फोन लागेना.

मागच्या महिन्यात शेट स्वतः शेडमध्ये आला. तीन वर्षांनी. न बसताच टेबलावर एक छोटं पाकीट टाकलं. दुबईच्या प्रदर्शनात गेलतो म्हणाला, तिथं वाटत होते. पाकिटावर आक्काच्या गावाचं नाव.

"बघ तुझं पुण्य. तिकडं आता जो तो फोडाय लागलाय, बी मिळंना झालंय मला. दोन ओळी बंद केल्या बायकांच्या." मग पाकिटाकडं बोट करून, "माल झ्याक हाय पर. खोटं कशाला बोलू? तिथं एक पोरगी उभी होती. मशीन कुठली म्हटलं, तर म्हणती, काकांनी केली, कोल्हापूरच्या. कोण रं हे काका?"

मी पाकीट फोडलं. एकसुद्धा तुकडा नाही.

"शेट," मी म्हणालो, "तुमचा त्या लोकांशी रोजचा व्यवहार. तयारी म्हणजे काय हो त्यांच्यात?"

"आता घ्या! माल बोटीवर चढला का विचारलं की एक तर बाडो म्हणत्यात, न्हाय तर तयारी. तयारी म्हंजे झालं. काम फत्ते."

काका, दादा, मामा, सगळ्यात एकदा फसून झालेला मी. तिनं जन्मभर बाडो म्हटलं, आणि ज्या दिवशी झालं त्या दिवशी पहिल्यांदा मला कळवलं. आणि मी शहाण्यानं काय लिहिलं? घाई नको.

शेट गेल्यावर मी तिला मेसेज लिहिला. आत्ता समजलं आक्का, चुकलो, लई भारी केलंस. आजऱ्याच्या त्या बायकांचं मात्र लिहिलं नाही, ते तिच्या डोक्यावर कशाला ठेवू? ते माझ्याकडं आहे. मेसेजला एकच टिक पडली. अजून एकच आहे.

शौकतमिस्त्री रोज सकाळी लेथ सुरू करायच्या आधी विचारतो, "मालक, पोचला का आक्काला?"

मी म्हणतो, "बाडो."