बुंदार पिंजाऱ्याची हजेरी

बुंदार पिंजाऱ्याच्या दाढीत कायम कापूस असायचा आणि बोटांना कायम शाई. सकाळभर तो मर्वच्या बाजारात कापूस पिंजायचा आणि दुपारच्या नमाजानंतर मशिदीत शेख मुअम्मल यांच्या पायाशी बसून हजेरी लिहायचा. एकतीस वर्षं त्याचा हा नेम चुकला नाही. शेख आपला ग्रंथ सर्वांसमोर वाचून घेत, आणि शेवटच्या पानावर कोणी तो पूर्ण ऐकला, कोण मध्येच उठून गेला, कोण शेजाऱ्याशी कुजबुजला, कोण पेंगला, हे सगळं नावानिशी लिहिलं जाई. खाली शेखांची सही. ज्याचं नाव पूर्ण ऐकणाऱ्यांत, त्यालाच तो ग्रंथ पुढे शिकवायचा हक्क. जो पेंगला, त्याने तेवढा भाग पुन्हा ऐकावा, नाहीतर जन्मभर गप्प बसावं.

बुंदारने सख्ख्या मेहुण्याच्या नावापुढे 'चौथ्या भागात झोपला' असं लिहिलं होतं. त्या वर्षी सासुरवाडीहून खरबूज आलं नाही. बायको सितीक म्हणाली, "माझा भाऊ दमून आला होता हो, जरा डोळा लागला तर काय आभाळ कोसळलं?" बुंदार म्हणाला, "दमला होता असंही लिहिलंय." हा मनुष्य असा होता. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

आणि ग्रंथ तरी कोणता? लोक त्याला नुसतं 'चाळणी' म्हणत. पैगंबरांची वचनं तोंडोतोंडी पुढे नेणाऱ्या चार हजार माणसांची त्यात नावं होती, आणि प्रत्येकापुढे शेखांचा निवाडा: भरवशाचा, विसराळू, टाकून द्यावा. त्यासाठी शेखांनी तरुणपणी सतरा वर्षं पायपीट केली होती. निशापूर, रय, बगदाद, दमास्कस. सुकी तुती खाऊन दिवस काढले. वचन सांगणारा कुणी भेटला की त्याच्या खाटकाला विचारायचे, शेजारणीला विचारायचे, हा शब्दाला जागतो का? एकदा खोटं बोलल्याचं कळलं की संपलं. मग तो कितीही मोठा असो, चाळणीतून खाली.

त्या चार हजारांत बुंदारचा बाप होता. 'मर्वचा पिंजारी. एका बैठकीला गैरहजर असून हजर होतो म्हणाला. टाकून द्यावा.' ती बैठक ज्या दिवशी होती त्या दिवशी बाप घरी होता, कारण बायको अडली होती. बुंदार जन्मला तो त्याच दिवशी. राहिलेला भाग बापाने शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतला आणि 'मी ऐकला' म्हणून सांगितलं. शेखांना कळलं. त्यानंतर बाप अठ्ठावीस वर्षं जगला, पण कुणी त्याच्याकडून एक वचनही ऐकलं नाही. बापाने तोंड उघडलं की लोक खोकत.

यावर बुंदारचं म्हणणं ठरलेलं होतं. बापाने खोटं सांगितलं, शेखांनी खरं लिहिलं, यात राग कसला? म्हणून तर तो त्याच शेखांच्या पायाशी बसला. शेख चौऱ्याऐंशीचे झाले, एक डोळा गेला, तरी त्यांनी सारी चाळणी नव्याने तपासली, दुरुस्त केली आणि सांगितलं की जुन्या हजेऱ्या रद्द. आता हे शेवटचं वाचन, यात ज्याचं नाव येईल तोच हा ग्रंथ शिकवील. बुंदार तेव्हापासून दिवस मोजू लागला. त्याच्या गल्लीतल्या मशिदीत एक मोडका बाक होता. त्यावर बसून चाळणी शिकवायची, त्याच्या घराण्याचा शब्द पुन्हा लोकांनी ऐकायचा, एवढंच त्याला हवं होतं. शेखांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंही होतं, "बुंदार, तुझं नाव वर असेल."

वाचन नऊ दिवस चाललं. पहिल्याच दिवशी काझीचा जावई हमदून आला, सोबत कारकून आणि गिरदी. चांगला चाळिशीचा बाप्या. मेंढीच्या चरबीने माखलेल्या मिश्या न पुसताच तो गिरदीला टेकला आणि दुसरं पान उलटायच्या आत घोरू लागला. नऊच्या नऊ दिवस घोरला. तोंड उघडं, लाळ गिरदीवर, त्यावर माश्या. बुंदारला बघवत नव्हतं, पण त्याचं कामच बघायचं होतं. रोज कागदावर तो टिपत गेला.

नवव्या दिवशी रिवाजाप्रमाणे हजेरी मोठ्याने वाचायची वेळ आली. "हमदून, काझीसाहेबांचे जावई," बुंदारने वाचलं. "दुसऱ्या पानापासून शेवटपर्यंत झोपले."

चाळीस माणसांच्या माना हमदूनकडे वळल्या. हमदून हसला. "अरे पिंजाऱ्या, डोळे मिटून ऐकत होतो मी."

पडद्याआड बायका बसायच्या, त्यांचीही नावं हजेरीत यायची. तिथून नाझूक म्हातारीचा, म्हणजे साबणवालीचा, आवाज आला, "डोळे मिटले होते तर नाक कशाला वाजवत होतास रे? मला वाटलं, मशिदीत उंट बांधलाय!"

"बायकांना कुणी विचारलं नाही," कारकून गुरकावला.

"मग माझं नाव कशाला लिहिता?" म्हातारी म्हणाली.

बुंदार शेखांकडे वळला. "उस्ताद, उद्यापासून मी यांच्या घरी जातो. सुटलेलं सगळं वाचून दाखवतो. मग 'पूर्ण' लिहू."

"पुन्हा?" हमदून किंचाळला. "नऊ दिवस! जीव घेतोस का माझा?"

शेख खाली मान घालून दाढी कुरवाळत होते. मग हळूच म्हणाले, "बुंदार, पूर्ण लिही."

"उस्ताद?"

"झोपेतही कान उघडे असतात. काझीसाहेब माझ्या नावाने मदरसा बांधतायत. पाण्याचा हौद आहे, ग्रंथांना कोरडी खोली आहे. त्यांच्या घरातला कुणी शिकवणारा असला तर चाळणी दोनशे वर्षं टिकेल. तू लहान गोष्टीवर अडू नको, बाळा."

लहान गोष्ट! बुंदारला बाप आठवला. बाळंतिणीच्या उशाशी बसलेला माणूस टाकून द्यावा, आणि लाळ गाळणारा हा बोकड दोनशे वर्षं टिकवावा! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत या म्हाताऱ्याने दमास्कस गाठलं होतं. हौद दाखवल्याबरोबर स्वतःचं मुसळ दिसेनासं झालं.

"तुमच्याच ग्रंथात," बुंदार म्हणाला, "झोपेत ऐकलं म्हणणारे नऊ जण आहेत. नऊही जणांच्या नावापुढे 'टाकून द्यावा' आहे. मी उतरवलंय ते."

"ते वेगळे होते."

"त्यांना सासरा नव्हता!" पडद्याआडून म्हातारी.

कारकुनाने चाळीस जणांकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. साहेब जागे होते की नाही?" पहिला म्हणाला, जागे होते. दुसरा म्हणाला, हो तर. बुंदारचा मेहुणा म्हणाला, "जागे होते, मी शेजारीच होतो," आणि बुंदारकडे बघून गालातल्या गालात हसला. एकेकाची जीभ अशीच वळत गेली. याच लोकांनी बुंदारच्या बापाच्या तोंडावर खोकून दाखवलं होतं.

"झालं ना?" शेख म्हणाले. "लिही आता. नाहीतर तुझंही नाव या यादीत राहायचं नाही." त्यांनी हे फार मायेने सांगितलं. तो मऊपणा बुंदारला सगळ्यात घाण वाटला.

बुंदारने लेखणी कारकुनापुढे टाकली. "माझ्या हातून नाही. तू लिही. हमदून, पूर्ण." कारकुनाने झटकन लिहिलं. "आता पुढे लिही. बुंदार पिंजारी, नऊच्या नऊ दिवस झोपला."

"हे काय खूळ?" शेख म्हणाले.

"खूळ नाही, उस्ताद. मी ते घोरणं ऐकलंय. ते जागे होते, चाळीस जण सांगतायत. म्हणजे मीच झोपलो होतो आणि मला स्वप्न पडलं. झोपलेल्याला शिकवायचा हक्क नसतो. लिही रे."

हमदून खदखदून हसला. कारकुनाने लिहिलं.

पान शेखांपुढे आलं. एकतीस वर्षांत या माणसाने बुंदारला एकदाही पेंगताना पाहिलं नव्हतं. निदान या ओळीवर तरी तो थांबेल, लेखणी खाली ठेवील, 'हे खोटं आहे' म्हणेल. म्हाताऱ्याने एका डोळ्याने पान वरपासून खालपर्यंत वाचलं. बुंदारच्या नावावर त्याचं बोट क्षणभर टेकलं. मग त्याने लेखणी उचलली आणि ठळक अक्षरात खाली लिहिलं, 'हे सर्व खरे आहे. मुअम्मल.'

बैठक उठली. निघताना सर्वांनी उस्तादांच्या हाताचं चुंबन घ्यायचं, हा रिवाज. हमदूनने घेतलं, मेहुण्याने घेतलं. बुंदारची पाळी आली तसा शेखांनी सवयीने हात पुढे केला. बुंदारने त्या हाताकडे एकदा पाहिलं आणि तो आपले जोडे शोधू लागला.