व्हिसा येईल हं, बाय

चिपळूणच्या स्टँडवर आईने मला मावशीच्या हाती सोपवलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. आईच्या कडेवर माझा धाकटा भाऊ मिलिंद. बाबा आधीच मस्कतला नोकरीवर गेले होते, आता ही दोघं निघाली होती. "तुझा व्हिसा आला की नेतेच," आई म्हणाली. मी रडले नाही. थोड्या दिवसांचाच तर प्रश्न होता.

मावशी-काका वाशीला राहायचे. तेव्हाचं वाशी म्हणजे सारख्या दिसणाऱ्या नव्या बिल्डिंगी, मध्ये चिखल आणि खाडीचा वारा. काका जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यात होते. मूलबाळ नव्हतं. मावशीने माझे पाढे घेतले, मला गोवर आला तेव्हा उशाशी बसली, उलट बोलले की धपाटेही घातले. "कधी जायचं?" विचारलं की म्हणायची, "व्हिसा येईल हं, बाय."

आई-बाबा दर दोन वर्षांनी महिनाभर यायचे. माझ्यासाठी आणलेला फ्रॉक दर वेळी आखूड व्हायचा. मिलिंद बाबांच्या खांद्यावर चढायचा, आईशी कडाकडा भांडायचा. तिकडे मस्कतला शुक्रवारी सुट्टी. बाबा त्याला समुद्रावर पोहायला शिकवायचे. मी आईने वाढलेलं निमूट खायचे आणि 'थँक्यू' म्हणायचे.

मी अकरावीत असताना, कॅरम खेळता खेळता मिलिंद सहज बोलून गेला, "ताई, तुझा व्हिसा कुणी मागितलाच नव्हता. आईने तुला मावशीला दिलंय ना?"

स्वयंपाकघरात दोघी बहिणी कोलंबी सोलत होत्या. "खरं आहे?" मी विचारलं.

"आक्काला मूल नव्हतं गं," आई म्हणाली. "तिने मागितलं, मला नाही म्हणवेना."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

"लहान होतीस."

मी मावशीवर तुटून पडले. इतकी वर्षं तोंडावर खोटं बोललीस, म्हणून ओरडले, ताट भिरकावलं. शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. मावशी रडत राहिली. मग आईकडे वळले, तर तोंडातून शब्द फुटेना.

"चल, आता खरंच नेते," आई म्हणाली.

"नको," म्हटलं. "माझं घर इथे आहे."

मावशीवरच्या प्रेमापोटी म्हटलं नव्हतं ते. आखातात गेलेल्यांनो, तुमच्या मागे राहिलेल्या पोरांच्या वतीने सांगते: ज्या माणसावर जीव तोडून ओरडता येतं, त्याचं घर ते आपलं घर. आईवर ओरडण्याइतकी आमची ओळखच नव्हती.