राखून ठेवलेली सहा तासं

या सदरात लिहिणारे बहुतेक जण म्हणतात, आधी माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. माझी अडचण वेगळी आहे... माझा अजूनही नाही. आमच्या घरात देव्हारा नाही. रोज सकाळी बुद्धवंदना होते, बास. जिथे देवालाच जागा नाही तिथे भुताला कोण विचारतो! कॉलेजात असताना मी गावोगाव जाऊन जिभेवर पेटता कापूर ठेवून दाखवायचे आणि बुवाबाजीचं बिंग फोडायचे. त्यामुळे खालचं वाचून कुणी हात जोडावेत अशी माझी इच्छा नाही. माझं कुठे चुकतंय ते कुणी दाखवून दिलं तर बरं होईल, एवढंच.

मी नांदेडला एका प्रयोगशाळेत काम करते. सरकारी आहे, कुठली ते विचारू नका. शेतकऱ्यांच्या शेतातली माती तपासायची आणि अहवाल द्यायचा, हे आमचं काम. आम्ही अकरा जण. त्यातले एक होते गंगाधरकाका. पदाने शिपाई, पण गावोगाव फिरून मातीचे नमुने आणायचे ते काकाच. बांधावर चपला काढल्याशिवाय त्यांनी कुणाच्या शेतात पाय ठेवल्याचं मी पाहिलं नाही.

दर जानेवारीत आमच्या ऑफिसची हुरडा पार्टी असायची, आणि तिचा सगळा कारभार काकांकडे. ठिकाण ठरलेलं — लातूर जिल्ह्यात रेणापूरजवळ माणिकराव नावाच्या शेतकऱ्याचं शेत. नमुने घ्यायला गेल्यावर काकांची त्यांच्याशी ओळख झाली होती. आमचे टायपिस्ट इरफानभाई दरवर्षी कुरकुर करायचे, "काका, अर्धापूर इथं बाजूला हाय. केळीच्या बागेत मस्त सावलीत बसू. तीन घंटे गाडीत कायको सडायचं?"

काका म्हणायचे, "केळी तं गाड्यावर बी भेटतेत इरफानभाई. गुळभेंडीचा हुरडा भेटतो का?"

झालं, विषय संपला. आगटी काकांनीच पेटवायची, कणसं त्यांनीच भाजायची, हात पोळत चोळून प्रत्येकाच्या पानात गरम दाणे टाकायचे आणि स्वतः सगळ्यांत शेवटी खायचं.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात काका वारले. सकाळी घरीच, चहाचा कप हातात असताना. गोवर्धन घाटावर अंत्यविधीला आम्ही सगळे होतो... मीसुद्धा शेवटपर्यंत होते. हे मुद्दाम सांगून ठेवते.

त्या वर्षी हुरड्याचा विषयच कुणी काढला नाही. माणिकरावांना कळवायचं तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

काकांची थोरली मुलगी शीतल. अनुकंपावर तिला घ्यावं म्हणून मी फाइलच्या मागे हात धुऊन लागले होते. दीड वर्ष टेबलं फिरून गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर ऑर्डर निघाली. तेवीस वर्षांची पोर. वेळेवर यायची, मातीच्या पुड्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची, नमुन्यांच्या खोलीत एकटी बसून डबा खायची. आम्ही बोलावलं तर "खाल्लं मॅडम" म्हणायची. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सहज बोलून गेलं होतं — नशीब काढलं पोरीनं, आयती सरकारी नोकरी! ते तिने ऐकलं होतं.

याच सुमारास नवे साहेब आले, पुण्याकडचे. माणूस भला, पण उत्साह फार. म्हणाले, "टीममध्ये बाँडिंग दिसत नाही. एक गेट-टुगेदर ठेवा. मॅडम, तुम्ही प्लॅन करा." मी ग्रुपवर मतं मागवली तर हुरड्याला नऊ, अर्धापूरच्या केळीला एक (कुणाचं ते ओळखा), आणि शीतलचं मत आलंच नाही. तारीख जानेवारीची ठरली. मग तपासणीचं पथक आलं, तारीख पुढे ढकलली. मग साहेबांना ट्रेनिंगला जावं लागलं, पुन्हा पुढे. असं करत करत फेब्रुवारीचा तिसरा आठवडा उजाडला. तोवर हुरडा संपलेला असतो, दाणा टणक होऊन त्याची ज्वारी झालेली असते. तरी म्हटलं, एक फोन करून पाहावा. कपाटाच्या दाराला आतून काकांनी नंबर लिहून ठेवले होते, त्यात माणिकरावांचा सापडला.

फोन उचलल्या उचलल्या ते म्हणाले, "या की ताई! तुमच्यासाठी सहा तासं राखून ठिवलेत. काका सांगून गेलेत न्हवं."

काका गेले हे यांना माहीतच नाही, हे मला तेव्हा उमगलं. फोनवर कसं सांगावं या विचारात होते तेवढ्यात आवाज तुटायला लागला आणि फोन बंद पडला. बाकी मी असा अर्थ काढला की माणिकरावांनी आता हुरडा-पर्यटन सुरू केलंय, आणि काकांच्या जुन्या ओळखीवर आपल्याला सहा तासांची वेळ दिली आहे. मी साहेबांना तसं सांगितलं. त्यांनी लगेच दहा ते चार असा कार्यक्रम टाइप करून घेतला — स्वागत, ओळख, संगीतखुर्ची, हुरडा, मनोगत!

जायच्या दोन दिवस आधी शीतल माझ्या टेबलापाशी आली. हातात पाकीट होतं.

"मॅडम, हे पार्टी झाल्यावर सायबांना देणार हाय. तुम्हाला आधी सांगावं म्हणलं."

राजीनामा होता.

"अगं, वेडी का तू? घरी आई आहे, भाऊ शिकतोय..."

"हाव. पण डबा उघडला की अप्पा दिसतेत. त्यांच्या मरणाची भाकर हाय ही, मॅडम. घशाखाली उतरत न्हाई."

मी पुष्कळ समजावलं. कायदा सांगितला, तिचा हक्क सांगितला. ती फक्त मान हलवत राहिली. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगते, थोडा रागही आला... त्या फाइलीसाठी मी जिने झिजवले होते. शेवटी एवढंच म्हटलं, पार्टीला तरी ये. ती हो म्हणाली, ते माझ्या तोंडाकडे बघून.

रेणापूरला पोचायला अकरा वाजले. आजूबाजूच्या शेतांत काढणी सुरू झालेली, माणिकरावांच्या शेतातही ज्वारी पिवळी पडून काढायला आलेली. माझा हिरमोड झाला. म्हटलं, आता हुरडा कुठला, साहेबांच्या संगीतखुर्चीवरच दिवस काढायचा.

माणिकराव लगबगीने आले आणि आमच्या गाडीत डोकावले. "काका न्हाई आले?"

शीतल माझ्या शेजारीच उभी होती. माझ्या तोंडून निघालं, "नाही जमलं त्यांना."

"हाव, म्हणलेच व्हते, यंदा मला जमायचं न्हाई म्हणून. चला, तुमची तासं दाखवतो."

तासं दाखवतो?

बांधाच्या कडेला, त्या सगळ्या पिवळ्या रानात, ज्वारीच्या सहा ओळी हिरव्यागार उभ्या होत्या. कणसं दुधाळ, कोवळी. तास म्हणजे पेरणीची ओळ, हे मला तिथे कळलं. आयुष्यभर मातीच्या पुड्या तपासल्या, पण पेरणीची तीन फणांची तिफण कधी हातात धरली नाही. ते फोनवर "तासं" म्हणाले आणि मी घड्याळ लावून बसले!

"या एवढ्याच उशिरा का पेरल्या?" मी विचारलं.

"आवं, काकांनीच सांगितलं न्हवं का! दसऱ्याला पेरणी चालू व्हती. हितं बांधावर येऊन हुभे राहिले. म्हणले, माणिकराव, तिफणीच्या दोन फेऱ्या राखून ठिवा, दिवाळी झाल्यावर पेरा, यंदा आमच्या लोकायला उशीर व्हनार हाय. म्हणलं खाली या, च्या घ्या. तर म्हणले, न्हाई, चपला काढत बसत न्हाई, घाई हाय."

"आधीच्या कुठल्या वर्षीचं असेल हे," मी म्हटलं. माझाच आवाज मला चोरटा वाटला.

"याच दसऱ्याचं हाय की ताई! ह्याच्या आधी हितं हरभरा व्हता!"

इरफानभाई माझ्याकडे बघायला लागले. शीतल कुठे आहे हे पाहायचंही मला धाडस होईना. माणिकराव मात्र आपल्याच नादात. आगटी पेटवलेलीच होती. त्यांनी कणसं भाजली, चोळली, पाखडली आणि पहिली मूठ द्रोणात घेऊन विचारलं, "सायब कोण हायेत? पहिली मूठ सायबाला द्या, असं काकांनी बजावलंय."

आम्ही सगळ्यांनी साहेबांना पुढे केलं. साहेबही खुशीत, काका फारच शिस्तीचे म्हणत द्रोण हातात घेतला. त्यात दाण्यांसोबत गुळाचा खडा होता.

"वा! लसणाची चटणी नाही का?"

माणिकराव गोंधळले. "चटणी हाय की. पण काका तर म्हणले, सायबाला तिखट सोसत न्हाई, नुसत्या गुळासंगं द्या. आन् दाणा लई कवळा लागतो म्हणले..."

"मला? मी तर मिरच्या खाणारा माणूस!"

तेवढ्यात मागून आवाज आला. "मॅडम..."

शीतल बांधावर उभी होती. चेहरा पांढरा पडलेला.

"मॅडम, सायब म्हंजे मी."

मग तिने सांगितलं, अडखळत, तुकड्या-तुकड्यांनी. लहानपणी ती काकांचं ओळखपत्र गळ्यात घालून खुर्चीवर बसायची आणि काका तिला सलाम ठोकायचे. तेव्हापासून काकांच्या तोंडी तिचं नाव सायब. सायब जेवले का, सायब उठले का. आईसुद्धा तिला शीतलच म्हणायची, सायब म्हणायचे ते फक्त अप्पा. आणि ती तिखट खात नाही. हे आमच्यापैकी कुणाला माहीत असणार? तिने आमच्यासमोर कधी डबाच उघडला नव्हता.

नवे साहेब पुढे गेले. त्यांनी तो द्रोण तिच्या हातात दिला. त्या क्षणी मला हा माणूस आवडला.

मग माणिकरावांना सांगावंच लागलं. ते मटकन खाली बसले. "न्हाई ताई, असं कसं... मी बोललोय त्यांच्यासंगं. आमच्या मंडळीनं बी बघितलंय," एवढंच म्हणत राहिले. त्यांचा उपरण्याचा शेव डोळ्यांना लागलेला मी पाहिला.

शीतलने तो द्रोण संपवला. रडत रडत, पण एक दाणा ठेवला नाही. मग चपला बांधावर काढून ती खाली उतरली आणि आगटीपाशी जाऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं. कणसं भाजून, हात पोळत चोळून ती प्रत्येकाच्या पानात दाणे टाकत राहिली. इरफानभाईंना म्हणाली, "घ्या चाचा, केळीपेक्षा बरा हाय का बघा," आणि ते नाक पुसत हसले. संगीतखुर्चीची आठवण कुणालाच झाली नाही. सगळ्यांचं झाल्यावर तिने शेवटची मूठ चोळली. अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी बांधावर ठेवली. असलं काही दिसलं की भाषण देणारी मी... मी तिथेच टेकले होते. मी जरा सरकून जागा करून दिली.

परतीच्या वाटेवर तिने ते पाकीट माझ्या पर्समध्ये टाकलं. "तुमच्यापाशीच राहू द्या मॅडम," म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. सोमवारी डबा घेऊन आमच्या टेबलावर आली.

मी स्वस्थ बसले नाही. ऑफिसमधल्या एकेकाला विचारलं, दसऱ्याला रेणापूरला कोण गेलं होतं? कुणीच नाही. शीतलच्या घरी विचारलं, नातलगांत कुणी काकांसारखं दिसणारं आहे का? नाही. माणिकरावांच्या बायकोला वेगळं विचारलं. तिने तेच सांगितलं, काकांच्या नेहमीच्या टोपीसकट. समजा, कुणीतरी मुद्दाम केलं. पण दसऱ्याला शीतलची ऑर्डरही निघाली नव्हती. पार्टी होणार हे ठरलं नव्हतं, ती दोनदा पुढे जाईल हे तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी कागद घेऊन सगळ्या शक्यता मांडल्या आणि एकेक खोडत गेले. शेवटी कागदावर काहीच उरलं नाही. आजही माझ्याकडे उत्तर नाही. विश्वासही नाही, आणि उत्तरही नाही.

आता पुन्हा दसरा जवळ आलाय. परवा साहेब म्हणाले, यंदाचं प्लॅनिंग कुणाकडे? माझ्याआधी शीतलच उठली. कपाटाचं दार उघडून तिने आतला नंबर लावला. पलीकडून कोण बोलतंय असं विचारलं असावं. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली —

"माणिककाका, सायब बोलून राहिले."