पाठवणारीचं नाव

बायको गेली, पण तिचा फोन मी बंद केला नाही. रोज सकाळी चहा मांडायच्या आधी तो चार्जिंगला लावतो. माझा बटनाचा फोन पेटीत पडलेला असायचा, तिचा मात्र कोनाड्यात, देवाजवळ. कोणी विचारलं तर सांगायचो, लेकीशी त्यावरूनच बोलतो.

लेक जर्मनीत आहे, दवाखान्यात नर्स. आई गेली तेव्हा तिला सातवा महिना सरत आला होता आणि डॉक्टरनं विमानात बसायला साफ नाही म्हटलं. तिनं आईला शेवटचं फोनमध्येच पाहिलं. फोन मीच धरला होता. माझा हात हलत होता, त्यामुळे तिला नीट दिसलं नाही. हे तिनं पंधरा दिवसांनी सांगितलं.

त्याच बोलण्यात ती म्हणाली, "बाबा, आईच्या फोनवरून काऊन करता? इथं 'आई' असं नाव येते. धस्स होते मले."

"मग काय करू? नंबर तोच हाय."

तिनं तो विषय सोडला. मग म्हणाली, "माही वाकय तिथंच राह्यली ना? पाठवा ना बाबा. बाळाले पहिल्यांदा तिच्यातच घेईन मी. दुसऱ्या कशात नाई."

वाकळ तिच्यासाठीच शिवलेली होती. जुन्या लुगड्यांचे थर लावून बारीक टाक्यांनी शिवतात ती. बायकोनं सहा लुगडी घातली होती. लेकीच्या बारशातलं हिरवं होतं. मी जिनातल्या, कापसाच्या कारखान्यातल्या, बोनसातून आणलेलं लाल होतं, ज्याचा रंग पहिल्याच धुण्यात गेला आणि ज्यावरून मी जन्मभर बोलणी खाल्ली. दुपारचं जेवण झालं की ओसरीत वाकळ पसरून ती बसायची. कात्री जवळ असली तरी दोरा दातानंच तोडायची. कट असा आवाज यायचा. शेवटचा टाका घातला आणि आठव्या दिवशी गेली.

ती गेल्यावरही दुपारी जरा आडवा झालो की ओसरीतून तो आवाज यायचा. कट. उठून पाहायचो. पाल असेल म्हणायचो. पण पाल दोरा तोडत नाही.

वाकळ पिशवीत घालून मी नाचणगावातून पुलगावच्या पोस्टात गेलो. मला वाटलं वजन करतील, तिकिटं लावतील, झालं. खिडकीतल्या बाईनं मला समजावून सांगितलं. पोरसवदाच होती, पण बोलायला पक्की.

"काकाजी, असं नाई चालत आता. पहिले कस्टमची नोंद. वाकय इथून हालायच्या आधी तिची माहिती तिकडं पोचली पाह्यजे. कोन पाठवते, कोनाले पाठवते, आत काय काय हाय, वजन किती. तिकडचा कॉम्प्युटर हो म्हनन, तेव्हा ती विमानात चढन."

"म्हंजे पाव्हना निघायच्या आधी निरोप."

"तसंच समजा. पन निरोप बरोबर द्या. निरोप एक अन् पाव्हना दुसरा, असं झालं तर दारातूनच वापस करते."

ते मला पटलं. मी चौथी शिकलेला माणूस. तीस वर्षं जिनात कापसाच्या गठाणी उचलल्या. शेवटची काही वर्षं कंबर गेली म्हणून मालकानं गठाणींवर मार्का मारायला बसवलं. मार्का म्हणजे मालाची जात, नंबर आणि कुठं जायचं ते गाव. चित्र काढावं तशी अक्षरं काढायचो. पण मार्का एक आणि माल दुसरा असं माझ्या हातून कधी झालं नाही. त्याचा मला माज होता, म्हणा.

"पाठवनाऱ्याचं नाव?"

मी बायकोचं नाव सांगितलं. तिचं आधार कार्ड खिशात होतंच. फोनचा नंबरही तिचाच दिला.

"काकू नाई आल्या?"

"तिले येनं जमत नाई."

खोटं नव्हतं. लुगडी तिची, हात तिचा, लेक तिची. मी हमाल. हमालाचं नाव गठाणीवर कोणी टाकत नाही. दुसरं एक कारण होतं, ते तिथं खिडकीत सांगण्यासारखं नव्हतं. नंबर टाकल्यावर माझ्या खिशात तिचा फोन वाजला. नोंदणीचा आकडा आला होता, तो मी बाईला सांगितला. महिनाभरात लेकीशिवाय कोणी तिला काही कळवलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदमच.

"आत काय?"

"जुने लुगडे."

"आनखी काही? खायचं, मसाला, बी-बियानं?"

"कापूससुद्धा नाई त्यात. लुगड्यावर लुगडं."

बाईनं ते लिहून घेतलं, मी तिच्या वतीनं सही केली, वाकळ गेली.

त्यानंतर आठ-दहा दिवस तिचा फोन मधूनमधून वाजायचा. मेसेज इंग्रजीत यायचे. मला त्यातलं ओ का ठो कळायचं नाही. पण सुरुवातीला तिचं नाव असायचं. तेवढं मी पाहून पाहून ओळखायला शिकलो. ओसरीत बसायचो, फोन मांडीवर. तो वाजला की म्हणायचो, "पाह्य, तुले बोलावून राह्यले." कोणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, म्हातारा कामातून गेला.

मग फोन वाजायचा थांबला. चार दिवस झाले, आठ झाले. लेक तिकडून रोज विचारायची. तिला नववा महिना लागला होता. मी पोस्टात गेलो, तर वाकळ माझ्या आधीच तिथं येऊन पडलेली. वरती एक चिठ्ठी डकवलेली.

"काकाजी, एका कोपऱ्यात दाने दिसले मशीनमध्ये," बाई म्हणाली. "तुम्ही तर म्हटलं काहीच नाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरी लेकीला वाकळ देताना एका कोपऱ्यात मूठभर ज्वारी शिवून देतात. लेक रिकामी जाऊ नये म्हणून. बायकोच्या माहेरून आलेल्या वाकळीतही होती. मला हे माहीत होतं. आणि तरी, आत काय म्हणून विचारलं तेव्हा ती ज्वारी मला सामान वाटलीच नाही.

"ते काय सामान हाय का बाई? कोनी भाजी आनली तर त्यात मीठ हाय का म्हनून विचारते का?"

"कस्टमवाले विचारते, काकाजी." मागच्या लायनीत कोणीतरी हसलं. "आता दाने काढा अन् नवीन नोंद करा. पन वापस घ्यायले पाठवनारीची सही लागन. काकूले आना. ऑटोत बसवून आना, मी उठून बाहेर येईन सहीले."

ती चांगुलपणानं बोलत होती, म्हणून जास्तच लागलं.

"आनता नाई येत."

"काऊन?"

"मेली ते."

बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे.

"कधी?"

"तुमच्याकडं आलो त्याच्या आधीच."

"मग तो आकडा आला कोनाच्या फोनवर?"

"फोन जिवंत हाय तिचा."

ती रागावली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "काकाजी, मेलेल्या मानसाच्या नावानं मी माल पाठवला. माही नोकरी जाईन ना." मग एक कागद पुढं सरकवला. "मृत्यूचा दाखला आनजा. अन् तुमचं आधार. त्याच्याबिगर मी वाकयीले हात लावू देऊ शकत नाई."

मार्का एक आणि माल दुसरा. ते मीच केलं होतं, तेही दोनदा. एकदा ज्वारीचं आणि एकदा तिचं. आणि धोक्यात आली होती परक्याची लेक.

दाखला मी आणलाच नव्हता. ग्रामपंचायतीत तयार होऊन पडला होता. शिपाई दोनदा घरी येऊन सांगून गेला, दोन्ही वेळा मी म्हटलं पाहू. त्या दिवशी पुलगावहून घरी न जाता सरळ पंचायतीत गेलो. कागद हातात घेतला. त्यावर तिचं नाव होतं, मराठीत. हे वाचायला मला शिकावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाखला दाखवला, सही केली, वाकळ घरी आणली. ओसरीत तिच्या जागेवर पसरली आणि ब्लेडनं तो कोपरा उसवायला बसलो. टाके इतके बारीक की डोळ्यांना दिसेनात. एकेक टाका तुटायचा आणि कट असा आवाज यायचा. तोच. या वेळी मी उठून पाहिलं नाही. माझ्याच हातात होता तो.

ज्वारी बाहेर आली. ती वळवळत होती. आत टोके झाले होते, दाणे पोकळ करून काळे किडे बाहेर पडत होते. मी कस्टमवाल्यांना मनात शिव्या देत आलो होतो, त्या तिथंच गिळल्या. हे लेकराच्या तोंडाजवळ गेलं असतं. ज्वारी अंगणात फेकली. चिमण्यांनी दाणे नेले, किडे आपल्या पायानं गेले.

कोपरा रिकामा राहिला. रिकामा तर पाठवायचा नव्हता. माझा जिनातला, खांद्यावर टाकायचा जुना दुपट्टा होता, मार्क्याच्या काळ्या शाईचे डाग पडलेला. धुऊन, वाळवून त्याचा एक तुकडा घडी करून आत घातला. शिवायला बसलो तर सुईत दोराच जाईना. शेजारची वहिनी, बायकोची जुनी मैत्रीण, कुंपणावरून पाहत होती.

"भाऊजी, सुई हाय ते. गठानीचा हूक धरल्यावानी काऊन धरली?"

"मग तुम्ही शिवून द्या."

"मी नाई शिवत. तिच्या वाकयीले माहा हात लागला तर सपनात येऊन भांडन ते माह्यासंग." असं म्हणून तिनं फक्त दोरा ओवून दिला आणि डोळे पुसत आत गेली.

चार बोटं लांबीचा कोपरा शिवायला मला अख्खी दुपार लागली.

खिडकीतल्या बाईनं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. या वेळी मी सगळं सांगितलं. सहा जुनी लुगडी, सुती दोरा, एका कोपऱ्यात धुतलेल्या दुपट्ट्याचा तुकडा, दाणा एकही नाही.

"दुपट्टा बी लिहू?"

"लिहा."

"पाठवनाऱ्याचं नाव?"

माझं सांगितलं. नंबर माझा. पेटीतला फोन आदल्या दिवशी चार्ज केला होता. उजव्या खिशात तो वाजला. डाव्या खिशात तिचा होता. तो वाजला नाही. मी वाट पाहिली, उगीच. बाई म्हणाली, "काकाजी, आकडा सांगा ना." मी सांगितला.

बाळाच्या आधी चार दिवस वाकळ पोचली. पहिल्यांदाच लेकीनं माझ्या फोनवर फोन केला.

"बाबा, नात झाली तुम्हाले. वाकयीत झोपून राह्यली." मग म्हणाली, "एका कोपऱ्यातले टाके लय वाकडे हायेत."

"ते माहे."

"अन् बाकीचे?"

"बाकीचे तिचे."

ती रडली. मी फोन कानाशी धरून ठेवला. या खेपेला हात हलला तरी चाललं असतं, पण हलला नाही.

तिचा फोन मी अजून रोज चार्जिंगला लावतो. वाजत नाही तो. दुपारी ओसरीत मात्र अजूनही दोरा तुटतो.