नाईकांच्या काठीवरच्या खाचा

तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो – मी स्वतः, वडूजच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा आप्पा. शिक्षण सातवी नापास. काळ – बहात्तरच्या दुष्काळानंतरचे दुसरे वर्ष. ठिकाण – कराड, एका हौशी मंडळाने दोन खोल्यांत उघडलेले संग्रहालय. ज्यांचे नुकसान झाले ते – बाळा नाईक रामोशी, मयत. त्यांची पत्नी तानूबाई, तीही आता मयत. मुलगा सोपान, हयात. साक्षीदार – एक पाहुणे साहेब, जे हे सारे केव्हाच विसरले असतील. ही हकीकत मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

दुसऱ्यांच्या तक्रारी मी वीस वर्षे लिहिल्या. कोणत्या वाक्याने मामलेदार पाघळतो, कोणत्या शब्दाने तलाठी घाबरतो, हे मला समजते. पण स्वतःविषयी लिहायला बसलो की पहिल्या दोन ओळींतच हात थांबतो – का थांबतो, हेही मला समजते.

त्या मंडळाला या मुलखातल्या मूळ जमातींची एक स्वतंत्र खोली करायची होती. धनगरांची घोंगडी, फासेपारध्यांची तितर धरायची जाळी, वैदूंच्या रक्त ओढायच्या शिंग्या, रामोशांच्या वस्तू. गावोगावी हिंडून हे जमवणार कोण? माझ्याकडे सगळ्या जातींची माणसे येतात, म्हणून त्यांनी मला विचारले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी नवे धोतर घेतले. संशोधनाचे काम चालू आहे, असे कचेरीतल्या शिपायालाही सांगत सुटलो.

बाळा नाईक आमच्या शेजारच्या गावचे. अंथरुणाला खिळले होते. त्यांनी भिंतीला टेकवलेली काठी तानूबाईंकडून मागवून घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली. खाली लोखंडी टोक, आणि वरपासून खालपर्यंत खाचा. गावात चोरी झाली की रामोशाने माग काढायचा, ही पूर्वीची रीत. चोराचे पाऊल मातीत उमटलेले सापडले की शेजारी काठी धरायची, आधीच्या खाचेपासून पावलाच्या लांबीइतक्या अंतरावर नवी खाच पाडायची, आणि त्या मापाने पुढचे ठसे धुंडाळत परगावच्या शिवेपर्यंत जायचे. तिथल्या रामोशाला माप दाखवून माग त्याच्या हवाली करायचा. माग आपल्या हद्दीत हरवला तर चोरीची भरपाई आपल्या घरातून द्यायची. नाईकांच्या आज्याने दिली होती – दोन म्हशी.

“एक बी खाच खोटी न्हाई, आप्पा,” नाईक म्हणाले. “आता माग कोन काढतंय? पर तितं ठिवा. आमाला लोक लय बोलत्यात. त्यास्नी कळंल आमी काय करत हुतो.”

हे मला नीट समजले होते. हे मुद्दाम लिहितो, कारण माझा गैरसमज झाला असेल असे तुम्हाला वाटू शकते – आणि वाटावे, अशी माझी इच्छाही होईल.

उद्घाटनाच्या आधीच नाईक वारले. उद्घाटनाला पुण्याचे एक विद्वान साहेब आले. मंडळाच्या चिटणीसांनी मला काठीजवळ उभे केले होते. साहेबांनी विचारले, या खाचा कसल्या? मी सांगू लागलो – पावलाचे माप, शीव, माग. माझ्या तोंडून तेव्हा एवढी जड भाषा निघू लागली की माझे मलाच कळेना. साहेबांनी मान हलवली आणि ते पुढच्या कपाटाकडे वळले. त्यांची पाठ माझ्याकडे झाली. नवे धोतर नेसून मी उभा, आणि त्यांची पाठ.

मग मी म्हणालो, “साहेब, जितक्या खाचा तितकी घरे फोडलेली आहेत.”

साहेब थांबले. मागे आले. चष्मा काढून त्यांनी काठी हातात घेतली, खाचांवरून बोट फिरवले आणि मला विचारले – आपले नाव काय? आपले! वाक्य परत घ्यायला मला किती वेळ होता? भरपूर होता. साहेबांनी चहा घेतला, माझ्याशी हसून बोलले, मी त्यांच्या गाडीपर्यंत गेलो. परत आलो तेव्हा चिटणीसांनी काठीखाली पुठ्ठ्याची पाटी लावली होती: ‘घरफोडीची नोंद ठेवण्याची काठी’. खाली बाळा नाईकांचे नाव आणि गाव. ते मीच पुरवले होते.

नाईकांच्या गावची चार माणसे बैलबाजाराला कराडला गेली आणि पाटी वाचून आली. सोपान तेव्हा गावच्या खळ्यांवर राखण करायचा. बापानंतर ते काम त्याच्याकडे आले होते. सुगीत कोणीतरी सगळ्यांसमोर विचारले, “काय रं सोपाना, आमच्या घराची खाच कितवी?” लोक हसले. दुसरा म्हणाला, “राखणीला तू, मग आमी झोपायचं कवा?” सुरुवातीला ती चेष्टाच होती. पुढच्या सुगीला खळ्यांवर दुसराच माणूस होता. साखर कारखान्यावर पहारेकऱ्याच्या जागेसाठी सोपान गेला, तर तिथेही ही गोष्ट त्याच्या आधी पोचलेली. तो ऊस तोडायला लागला.

तानूबाई माझ्याकडे आल्या. कोणाकडे येणार? “आवं आप्पा, ह्यांनी काय सांगितलं ते तुमी ऐकलंय. तुमीच ल्हिवा त्यास्नी.” चूक मंडळाची झाली, अशी त्यांची समजूत. मी ती दूर केली नाही. कराडला जाऊन एक वाक्य बोलायचे होते – मी खोटे सांगितले. एसटीने अर्ध्या दिवसाचे काम. मी त्याऐवजी अर्ज लिहिला. उत्तम लिहिला, त्यांना वाचून दाखवला, त्या रडल्या. दुसऱ्या दिवशी चहावाल्याच्या शेगडीत घातला.

मग दर बाजारच्या दिवशी त्या विचारीत, “आलं का वो उत्तर?” आणि मी म्हणे, “सरकारी काम आहे, तानूबाई. मी पाठ सोडलेली नाही.” ते मंडळ सरकारीही नव्हते. पुढे ते मोडले, वस्तू कोठे गेल्या कोणाला माहीत नाही. मी तरीही तेच सांगत राहिलो.

गेल्या महिन्यात सोपान आला. डोके भादरलेले. लिंबाखाली माझ्यासमोर उकिडवा बसला, पिशवीतून नारळ आणि टॉवेल काढला.

“आई गेली,” म्हणाला. “जाताना म्हनली, आप्पांनी आपल्यासाटी लय खटपट केली. त्यास्नी मान दिऊन ये.”

त्याने टॉवेल माझ्या खांद्यावर ठेवला आणि पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत. औक्षवंत हो, सुखी राहा, असे काहीतरी म्हणालो. नारळ घेतला. संध्याकाळी घरी नेऊन फोडला, सगळ्यांनी खाल्ला. गोड निघाला.