आबाजी पण नर्सरीत

लेक साडेतीन वर्षांची झाली आणि आमच्या पांढुर्णा गावातल्याच एका लहानशा शाळेत तिचं नर्सरीत नाव घातलं. शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस होते. तेवढ्यात तिला तयार करायचं म्हणून मी आमच्या ओसरीतच शाळा भरवली. खरी अडचण भाषेची होती. आमच्या घरात हिंदी फक्त टीव्ही बोलायचा, पण गाव पडलं हिंदी राज्यात, त्यामुळं शाळेत तर सगळं हिंदीतच. "बाकी काही नाही आलं तरी चालते, पण सूसूचं तेवढं मॅडमले सांगता आलं पाहिजे," असं माझी आई सौंसरहून रोज फोनवर बजावायची.

मी मॅडम झाले. पण लेक एकटी बसेना. "दुसरे लेकरं कुठी हायेत?" म्हणाली.

लेकरं कुठून आणू? मग सासऱ्यांनाच बोलावलं. त्यांना आम्ही सगळे आबाजी म्हणतो. तिगावला रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये आयुष्य काढून ते नुकतेच रिटायर झाले होते आणि दिवसभर करायला त्यांच्याकडे काही नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून स्टुलावर बसले, हाताची घडी, तोंडावर बोट.

पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायच्या परीक्षेत लेक पास झाली, आबाजी नापास. मग मी हिंदीचा धडा घेतला. "म्हणा, मॅडम, सूसू जाना है."

"मॅडम, मेरे को सूसू को जाना लगता है," आबाजी म्हणाले.

लेकीनं नेमकं तेच उचललं. पुढं कितीही सुधारलं तरी सुधारलं नाही.

आई शाळेत सोडून गेल्यावर रडायचं नाही, हाही एक धडा होता. मी दाराआड लपले की आबाजी असा गळा काढायचे की शेजारीण डोकावून जायची. लेक त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायची. "उगी राहा आबाजी. आई येते ना बारा वाजता."

पहिल्या दिवशी आम्ही तिघं निघालो. शाळेच्या गेटवर लेक थांबली आणि आबाजींकडं पाहून म्हणाली, "तुमचं दप्तर कुठी हाय?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. पंधरा दिवस आम्ही तिला एकच गोष्ट पक्की शिकवली होती, की नर्सरीत ती आणि आबाजी दोघं बसतात. "आबाजी मोठे झाले ना, त्यांचं नाव नाही घेत शाळेत," असं मी सांगायला लागले तसा तिचा खालचा ओठ हलायला लागला. सगळं ऐकून तिथली तरुण मॅडम हसली आणि मला हळूच म्हणाली, "बसू द्या त्याइले दोन-चार दिवस. मी सौंसरची आहे, आमच्या घरी पण मराठीच बोलतात, समजते मले."

आबाजी भिंतीला टेकून खुर्चीवर बसले, लेक त्यांच्या पायाशी. मला टाटा करायचंही दोघांच्या लक्षात राहिलं नाही. घरी आले तर ओसरी रिकामी. लेक रडेल याचाच विचार मी इतके दिवस करत होते. माझं काय, ते कोणी पाहिलंच नव्हतं. थोडं रडून घेतलं आणि भाजी चिरायला बसले.

आबाजी मात्र फुलले. कोणाच्या लेस बांधून दिल्या, कोण मांडीवर झोपलं, सगळं जेवताना सांगायचे. दोन बडबडगीतं त्यांना लेकीच्या आधी पाठ झाली.

पाचव्या दिवशी गेटवर लेकीनं त्यांचं बोट सोडलं. "आबाजी, तुम्ही घरी जा."

"काहून वो माय?"

"तुम्ही लय बोलता. मॅडम आमाले विचारते, अन् तुम्हीच सांगून देता."

आणि दप्तर हलवत पळत आत गेली.

आबाजी माझ्यासोबत चौकापर्यंत आले. मग थांबले. "एक पोट्टं हाय, ते सेबाले अजून सफरचंदच म्हणून राहिलं. मी नसलो त त्याले कोण सांगन?"

"मॅडम सांगतील ना आबाजी."

"मॅडमले एवढे लेकरं. कोणाकोणाकडे पाहीन ते?"

सुटी बाराला होती. अकरा वाजताच त्यांनी चपला घातल्या. मी अडवलं नाही.