ओट्याचा टवका

ओट्याची कड कशी हवी, असं आपल्याला कुणी विचारेल हे मला कधी वाटलं नव्हतं. इस्लामपूरच्या आमच्या घरात लग्न होऊन आले तेव्हा कडप्प्याचा काळा ओटा होता, त्याला कड होती, आणि ती कमरेला लागायची. एवढंच माझं कडेविषयीचं ज्ञान. सव्वीस वर्षं त्या ओट्याला नावं ठेवल्यावर यंदा एकदाचं ठरलं, जुना काढायचा आणि ग्रॅनाइटचा घालायचा.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत. आत्यांना काचबिंदू आहे. उजवा डोळा पूर्ण गेला आणि डाव्यानं उजेड-अंधार कळतो, इतकंच. तरी रोजच्या भाकरी त्याच करायच्या. भाजी माझी, भाकरी त्यांची, ही वाटणी मी घरात आल्यापासूनची. दिसेनासं झालं तरी त्यांनी ती सोडली नाही, आणि मीही सोडवली नाही. भाकरी थापताना त्यांचा चेहरा असा काही निवांत व्हायचा, की त्यांना डोळ्यांनी दिसत नाही हे मीच विसरून जायची.

मिरजेला त्यांना डोळे दाखवायला नेलं, त्याच दिवशी येताना सांगलीत दगडाच्या दुकानात शिरलो. दुकानदारानं टेबलावर चार तुकडे मांडले. एक सरळ कडेचा, एक अर्धा गोल, एक पूर्ण गोल आणि एक पायरीपायरीच्या नक्षीचा. आमचे हे फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच सरळ कडेवर बोट ठेवलं. म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास." यांना जगातली प्रत्येक वस्तू बराकीतल्या घडी घातलेल्या चादरीसारखी हवी असते. माझा जीव नक्षीवर गेला होता.

आत्यांनी चारही तुकड्यांवरून सावकाश बोटं फिरवली. नक्षीला हात लागताच म्हणाल्या, "ह्यात पीठ बसंल. काढत बसशील काडीनं." सरळ कडेला, "ही लागंल कमरंला, जुन्यागत." मग पूर्ण गोल तुकड्यावर त्यांचा हात थांबला. "ही लय गुळगुळीत हाय. पर…"

त्या पुढं बोलल्या नाहीत. आणि मी विचारलं नाही. मला एसटी गाठायची होती, शिवाय माझी नक्षी गेली म्हणून मी जरा फुरंगटलेही होते. पूर्ण गोल ठरला.

आठ दिवसांत जुना ओटा फुटला आणि नवा बसला. कारागीर मूळचा राजस्थानचा, पण इकडं राहून मराठी बोलायला शिकलेला. कड घासून त्यानं अशी आरशासारखी केली, की मी येता-जाता त्यात तोंड बघत होते. नव्या ओट्याची हळदकुंकवानं पूजा झाली, दूध उतू घालवलं, आणि आत्या पदर खोचून भाकरीला आल्या.

नेहमीप्रमाणे दारातून आत येऊन त्यांनी कडेवर हात ठेवला आणि तो सरकवत पुढं निघाल्या. निघाल्या त्या थेट नळापर्यंत गेल्या. तिथून परत फिरल्या, पुन्हा दारापर्यंत. तिसऱ्यांदा त्यांचा हात शेगडीच्या पुढून निसटून गेला आणि काठावरचा पिठाचा डबा खाली आला. मी धावले. त्यांनी हात पदराला पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "आज तूच कर गं. माझं वय झालं."

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. पडवीत खुर्चीवर बसून राहायच्या, हात मांडीवर ठेवून. मी थापलेली भाकरी मुकाट्यानं खायच्या, ती कडेला जाड झाली तरी काही बोलायच्या नाहीत. माझ्या भाकरीला नाव न ठेवणाऱ्या आत्या मला बघवेनात. हौसेनं मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही पॉलिश केलेला.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या पायाशी बसले. "आवं आत्या, दुकानात पर म्हणून थांबलात, ते काय होतं?"

"काय न्हाई गं."

"सांगा की."

त्यांनी खुर्चीच्या हातावर अंगठा फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "टवका."

मला क्षणभर कळलंच नाही, आणि मग कळलं. जुन्या ओट्याच्या कडेला एक टवका उडालेला होता, बरोबर शेगडीसमोर. दिसेनासं झाल्यापासून आत्या त्या टवक्यावर अंगठा टेकवून उभ्या राहायच्या. तिथून टीचभर डावीकडं गॅसचं बटण, पुढं तवा, उजवीकडं परात. त्यांचं सगळं स्वयंपाकघर त्या एका टवक्यापासून मोजलेलं होतं.

आणि तो टवका मी पाडलेला होता.

लग्नानंतरचा पहिलाच महिना. घरात पूजा होती आणि आत्यांनी मला नारळ फोडायला सांगितला. बाहेर पायरीशी पाहुणे बसलेले, त्यांना उठा म्हणायची लाज वाटली. म्हणून मी नारळ ओट्याच्या कडेवर आपटला. नारळ शाबूत राहिला आणि ओट्याचा टवका उडाला. मामंजी आवाज ऐकून आत आले आणि कडाडले, "कुणी केलं हे?" मी नारळ पदराआड धरला. आत्या म्हणाल्या, "माझ्या हातनं वरवंटा पडला." ती बोलणी त्यांनी माझ्यादेखत खाल्ली. पुढं त्या गोष्टीचा एका शब्दानंही उल्लेख नाही. भांडणातसुद्धा नाही, आणि आमची भांडणं काही कमी झालेली नाहीत. मला वाटायचं, त्या विसरल्या असतील. मी मात्र तो टवका दिसला की मान फिरवायची. ओटा काढायची माझी घाई त्यापायीही असेल.

कारागिराला परत बोलावलं. नव्या कडेला खाच पाड म्हटल्यावर तो माझ्याकडं बघतच राहिला. "भाभी, लोक टवका भरायला बोलावतात. पाडायला कोणी नाही बोलावत." मी त्याला आत्यांकडं नेलं आणि सगळं सांगितलं. मग त्यानं पिशवीतून घासायचं यंत्र काढलं.

आमचे हे टेप घेऊन मापं काढायला लागले. आत्या म्हणाल्या, "ती टेप ठेव बाजूला, बाळ." त्या शेगडीसमोर भाकरीला उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या, अंगठा टेकवला आणि म्हणाल्या, "हितं." कारागिरानं त्यांच्या अंगठ्याभोवती पेन्सिल फिरवली. थोडं घासायचा आणि म्हणायचा, "आई, अंगठा द्या." पुन्हा घासायचा, पुन्हा अंगठा मागायचा. पाच-सहा वेळा असं झाल्यावर आत्या म्हणाल्या, "व्हय. बसला." त्या दिवशीची पहिली भाकरी त्यालाच वाढली.

त्या माउलीचे उपकार कसे फेडायचे, हे मला माहीत नाही. एक गोष्ट राहिली होती, ती मात्र झाली.

परवा शेजारीण नवा ओटा बघायला आली. कडेवरून हात फिरवता फिरवता तिचं बोट खाचेत गेलं. "अगं बाई, नव्याकोऱ्या ओट्याला टवका? कुणी पाडला?"

आत्या परातीत भाकरी थापत होत्या. त्यांनी सवयीनं तोंड उघडलं. "माझ्या हातनं वर…"

"माझ्या हातनं," मी म्हणाले. "नारळ फोडताना."

शेजारणीला काही उमगलं नाही. आत्यांचा हात परातीत क्षणभर थांबला. मग पुन्हा थापायला लागत त्या म्हणाल्या, "पायरीवर फोडायचा असतुया गं नारळ. तवाच सांगणार हुते."